निजली की बरी, बसली की पडती

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. ओपीडी अजून संपली नाही, बाहेर बाकड्यावर पेशंट बसलेत, समोर चहावर साय धरून राहिलीय आणि मी मोबाईलवर दोन्ही अंगठ्यांनी हे टाईप करून राहिले. आत्ता नाही लिहिलं तर संध्याकाळपर्यंत राग निवेल आणि मी पण बाकीच्यांसारखी "जाऊ द्या हो" म्हणून मोकळी होईन. नाही जाऊ द्यायचं!

या अंकाचे संपादक काका कधीपासून मागं लागलेत, कामातल्या आठवणी लिहा म्हणून. मी म्हणलं काका, आठवणी रिटायर लोक लिहितात. मी हृदयाची डॉक्टर होऊन लातुरात इको मशीनसमोर बसले त्याला अजून धड चार वर्षं झाली नाहीत. तर काका, घ्या आता. आठवण ताजी आहे, दहा मिनिटांपूर्वीची. मूळ मात्र उन्हाळ्यातलं.

झालं काय, निलंग्याकडचा बसवराज बायकोला तपासणीला घेऊन आला. बायकोचं नाव महानंदा. हिच्या हृदयात गाठ होती. हो, हृदयात! ती ऑपरेशन करून काढली, आता ती ठणठणीत आहे. इको केला, आत सगळं साफ. मी खुश, महानंदा खुश. आणि हा बसवराज छाती फुगवून म्हणतो,

"म्याडम, परवा गावात आमच्या डॉक्टरचा सत्कार केला की आम्ही. शाल, श्रीफळ, फेटा. त्यांनी सलाईन लावून लावून हिची ताकद टिकवली, म्हणून तर ऑपरेशन झेपलं."

माझ्या हातातला इकोचा प्रोब खाली पडायचा राहिला. माझा चेहरा बघून तो घाईनं म्हणाला, "तुमचं पण नाव घेतलं की भाषणात!"

ज्या माणसाच्या सलाईननं ही बाई मरायला टेकली, त्याला फेटा! थांबा. पहिल्यापासून सांगते, नाही तर तुम्ही पण म्हणाल, काय झालं एवढं, फेटाच तर बांधला.

उन्हाळ्यात महानंदा माझ्याकडं पेशंट म्हणून आलीच नव्हती. पेशंट होती तिची सासू, अव्वा. सत्तरीच्या पुढची, कपाळावर भस्माचे पट्टे, आवाज असा की बाहेरच्या बाकड्यावरचे लोक सरळ होऊन बसतात. बीपीची तपासणी. जीपनं घेऊन आलेला बसवराज दाराशी उभा. महानंदा सोबतीला आली होती, म्हणजे पिशवी धरायला, फाईल धरायला आणि अव्वाला चढवायला-उतरवायला. इको झाल्यावर अव्वा टेबलावरून उतरली, खुर्चीत बसली आणि सवयीनं पाय पुढं केला. महानंदा चपलेचा पट्टा लावायला खाली वाकली आणि तशीच पुढं, माझ्या टेबलाच्या पायावर कोसळली.

मी आणि सिस्टर पळालो. ओठ निळसर, नाडी नावाला. आम्ही तिला जमिनीवर आडवं केलं आणि बघता बघता रंग आला, डोळे उघडले. आणि अव्वा खुर्चीतून हलली सुद्धा नाही. वैतागून म्हणाली,

"काय करू नका म्याडम. हिचं रोजचं नाटक हाय हे. निजली की बरी, बसली की पडती. भाकरीला बसली की दम लागतो. निजून ऱ्हा म्हणलं की कायबी न्हाई. कामाला उठायचं म्हणलं की आजार!"

महानंदा खाली पडल्या पडल्या छताकडं बघत होती. तिनं ते इतक्यांदा ऐकलेलं असणार की आता फक्त संपायची वाट बघत होती.

माझ्या अंगावर मात्र काटा आला. कारण अव्वानं टोमणा मारला नव्हता, आजाराचं निदान सांगितलं होतं. अक्षरशः पुस्तकातलं! मी विचारलं, "अव्वा, हे अजून कुठल्या डॉक्टरांना सांगितलंत का?"

"सगळ्यांला सांगितलं की. निलंग्यात सांगितलं, इथं लातुरात सांगितलं. हासले की सगळे."

हसले! ऐकताय ना? एकानं झोपेची गोळी दिली, एकानं रक्तवाढीची. मोठ्या दवाखान्यातल्या आमच्याच एका मोठ्या डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, घरगुती टेन्शन. इको कुणीच केला नाही. याच घरात बसवराजला मागच्या वर्षी जास्त भजी खाऊन छातीत जळजळलं तर इको झाला, पट्ट्यावर पळवून झालं आणि सोलापूरला नेऊन अँजिओग्राफी पण झाली. नॉर्मल. बायको रोज चुलीपुढं तोंडावर पडते, तिला काय? लाल सलाईन.

आता तुम्हाला समजावून सांगते, म्हणजे माझा राग तुमच्या पण डोक्यात जाईल.

हृदयाला चार खोल्या. फुफ्फुसातून आलेलं चांगलं रक्त डाव्या बाजूच्या वरच्या खोलीत येतं, तिथून एका दारातून खालच्या खोलीत उतरतं आणि खालची खोली ते अंगभर फेकते. महानंदाच्या वरच्या खोलीत मधल्या भिंतीला एक गाठ लटकत होती, देठासकट. आमच्या नांदेडात उन्हाळ्यात देगलूरकडून मुंजल येतात ना, ताडगोळे? तसलं. लुसलुशीत, पाणीदार, जोरात धरलं तर हातात तुकडा येईल असं. कॅन्सर नाही. बहुतेक वेळा पसरत बिसरत नाही. पण बसायला जागा बघा कुठली शोधली! माणूस आडवा असला की गाठ दारापासून बाजूला. उठून बसला, पुढं वाकला की ती सरळ दारात येऊन अडकते. पुढं रक्त जात नाही म्हणून डोळ्यांपुढं अंधारी, मागं फुफ्फुसात रक्त तुंबतं म्हणून दम. आणि त्या लुसलुशीत गाठीचा एखादा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा. कधी? आज, उद्या, कधीही.

नेहमीच्या हृदयाच्या पेशंटचं बरोब्बर उलटं असतं. त्यांना निजल्यावर दम लागतो, बसल्यावर बरं वाटतं. आमच्या डोक्यात तेच फिट बसलंय. त्यात गावाकडं लहानपणी सांधे सुजून व्हॉल्व, म्हणजे तेच दार, खराब झालेल्या बायका ढिगानं, त्यामुळं कुणी आवाज ऐकलाच तरी म्हणणार, व्हॉल्व असंल. पण आवाज ऐकायला स्टेथो कातडीला लागायला पाहिजे ना! आमच्याकडं बाईमाणसाला तपासायची पद्धत काय? टेबलावर आडवं करायचं आणि पदरावरून स्टेथो टेकवायचा. नवरा शेजारी उभा, डॉक्टरला संकोच, तिला संकोच, मागं रांग. नऊवारीचा पदर, त्याखाली ब्लाऊज, त्यातून ऐकू काय येणार, कपाळ? आणि वरून आडवी! म्हणजे गाठ बाजूला सरकलेली. आजार लपवायचीच तयारी केली म्हणा की आपण.

मी बसवराजला बाहेर पाठवलं, दार लावलं, महानंदाला हळूच बसवलं, सिस्टरनं मागून धरलं आणि ब्लाऊजच्या आतून स्टेथो लावला. ठोका, ठोका, आणि मध्येच "टप्". भिजलेला बोळा फरशीवर पडल्यासारखा. पुस्तकात वाचला होता तो आवाज, कानानं पहिल्यांदा ऐकला. मग आडवी केली. टप् गायब.

इको लावला तर स्क्रीनवर दिसलंच. लिंबाएवढा ढब्बू गोळा, दारातून खाली-वर, खाली-वर, लहान पोरगं उंबऱ्यावर खेळल्यासारखा. मी बसवराजला परत आत घेतलं आणि अव्वाला स्क्रीनपाशी बोलावलं.

"हे काय हाय?"

"हे तिचं नाटक," मी म्हणाले. जरा जोरातच म्हणाले. कुणाच्या सासूशी असं बोलू नये, मला माहितीय. बोलले.

अव्वा त्या गोळ्याकडं बघतच राहिली. "अय्य शिवा," एवढंच.

आता तुम्हाला वाटेल, सापडलं, ऑपरेशन केलं, संपलं. कुठलं! याच्यावर गोळी नाही, काढा नाही, जिरवायचं औषध नाही. छाती उघडायची, मशीनवर रक्त फिरवायचं, हृदय थांबवायचं आणि गाठ देठासकट उचलायची. आणि लवकर. मी बसवराजला म्हणलं, इथूनच नांदेडला चला, माझे सर आहेत तिथं सर्जन, आत्ता फोन लावते.

बसवराज म्हणाला, "हृदयात गाठ? म्याडम, गाठ पोटात असती, गळ्याला असती. हृदयात कशी असंल?"

"स्क्रीनवर दाखवली की तुम्हाला."

"ते हाय. पण अशक्त हाय हो ती. आधी दोन सलाईन लावून ताकद येऊ द्या. बहिणीचा साखरपुडा हाय सोमवारी, तेवढा उरकू द्या. मग बघू."

"साखरपुड्याचा स्वयंपाक कोण करणारे?"

तो फाईलची पानं उलटायला लागला. म्हणजे महानंदाच.

मी ओरडले, समजावलं, परत ओरडले. लकवा सांगितला, मरण सांगितलं. महानंदाला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? ती म्हणाली, "म्या काय सांगू म्याडम. मला वाटायलं होतं, म्याच आळशी हाय." हे ऐकून मला तिथंच रडू आलं असतं. इतके दिवस सगळ्यांनी सांगून सांगून तिला पण पटलं होतं! शेवटी बसवराज म्हणाला, घरी जाऊन चार माणसांना विचारून येतो. सही केली, घेऊन गेला. मी काय, बांधून ठेवणार होते?

आता त्या सलाईनचं सांगते. त्यांच्या गावात एक डॉक्टर आहेत, त्यांना आपण सलाईन सर म्हणू. खोकला, सलाईन. कंबर, सलाईन. परीक्षेचं टेन्शन, सलाईन. लोकंच मागतात म्हणा. नुसती गोळी दिली तर म्हणतात, ह्या डॉक्टरला काय कळतंय? महानंदाला महिन्यातनं कितींदा तरी तिथं नेऊन लाल औषध मिसळलेली बाटली लावायचे, आणि खरंच तिला बरं वाटायचं. वाटणारच! बाटली लावायला आडवं करतात ना! घरात दिवसा आडवं पडायची सोय नाही, दवाखान्याच्या कॉटवर कुणी ऊठ म्हणत नाही. ती बरी व्हायची नुसती निजून, आणि नाव व्हायचं बाटलीचं. बाटली संपली, उठून बसली, घरी आली, चुलीपुढं वाकली की परत धप्प. मग परत नवी बाटली. त्या कॉटवर निजवायचं सोडून आपण काहीच करत नाही, हे त्या डॉक्टरला कधी कळलं नाही. कळायला विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओपीडीच्या दारात जीप. मागच्या सीटवर महानंदा, तोंडाला गुलाबी फेस, श्वास खरखर. साखरपुड्याआधी ताकद यावी म्हणून सलाईन सरांनी एका बैठकीत भराभर बाटल्या चढवल्या होत्या. अहो, दार आधीच अडलेलं, त्यात वरून पाणी ओतताय! ते जाणार कुठं? फुफ्फुसात. आडवी असूनसुद्धा दम, म्हणजे आता निजायचं सुख पण गेलं.

आम्ही ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी काढायची इंजेक्शनं दिली. आणि माझ्यापुढं असला पेच की बसवली तर गाठ दारात, निजवली तर फुफ्फुसात पाणी. सिस्टर विचारतेय, म्याडम, पलंग वर करू का खाली? आणि मास्कच्या आतून महानंदा हातानं खूण करतेय, कुशीवर. उजव्या कुशीवर. मी म्हणलं, करा तसं. उशीवर थोडी उंच, उजव्या कुशीवर, आणि हळूहळू तिचा श्वास सुधरायला लागला. कुठल्या बाजूला निजलं की जीव राहतो हे तिनं घरच्या फरशीवर एकटीनंच शोधलेलं होतं. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही.

जरा सावरल्यावर अँब्युलन्सनं नांदेडला. बसवराज जीपनं मागं, अँब्युलन्समध्ये मी आणि अव्वा. बसणारच म्हणाली, उतरायला तयारच नाही. रस्ता तुम्हाला माहितीय, प्रत्येक खड्ड्याला माझा जीव त्या देठात अडकलेला. एका धक्क्याला महानंदा दचकून उठायला गेली तर अव्वानं दोन्ही हातांनी तिला धरलं.

"निज गं. निज माय. ऊठू नकू. कायबी काम न्हाई."

मी खिडकीबाहेर बघितलं. सून लग्न होऊन आल्यापासून तिला ऊठ ऊठ म्हणणारी बाई, आणि आता निज म्हणताना तिचा आवाज फाटत होता. राग मात्र माझा गेला नाही, खरं सांगते. हे कळायला फेस यावा लागला का?

नांदेडला माझे सर्जन सर तयारच होते. गोळ्याला धक्का न लावता हृदय उघडायचं, हे काम असं की माशीनं शिंकू नये. मी बाजूला उभी. त्यांनी गाठ देठासकट आणि देठाखालच्या भिंतीच्या तुकड्यासकट काढली, म्हणजे मुळी राहून परत उगवू नये. भिंतीला ठिगळ लावलं. हृदय परत सुरू केलं. ते धडधडायला लागलं ना तेव्हा, शप्पथ, मी टाळी वाजवणार होते, हातमोजे होते म्हणून राहिलं.

सर म्हणाले, "आमच्या विष्णुपुरीच्या मेडिकल कॉलेजची पोरगी शेवटी काहीतरी शिकली म्हणायची."

मी म्हणलं, "सर, निदान सासूनं केलंय."

शुद्धीवर आल्यावर महानंदानं पहिलं काय मागितलं? पाणी नाही, नवरा नाही. म्हणाली, ती गाठ दाखवा. तपासणीला पाठवायच्या आधी बरणीत ठेवली होती, मी फोटो काढलेला तो दाखवला. बोटांनी मोठा करून बघितला. मग म्हणाली, "ह्यांला दावा. अव्वाला दावा. समद्या गावाला दावा." बसवराजनं तो फोटो मोबाईलवर घेतला, पाहुण्यारावळ्यांत फिरवला, साखरपुड्याच्या ग्रुपवर पण टाकला म्हणे. साखरपुडा पुढं ढकलला होता बरं का. आभाळ कोसळलं नाही.

आणि एवढं सगळं होऊन फेटा सलाईन सरांना!

आज मी बसवराजला विचारलं, "त्या बाटल्यांनी तिच्या फुफ्फुसात पाणी झालं, हे सांगितलं होतं ना मी?" तो डोकं खाजवत म्हणतो, "सांगितलं होतं की. पण गावात ऱ्हायचंय म्याडम. उद्या पोराला ताप आला तर नांदेडला न्यावं का?" त्याचं पण बरोबर आहे, आणि म्हणून तर जास्त डोकं उठलंय. फोन लावला मी सलाईन सरांना, आत्ताच. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, मी लावली नाही तर शेजारचा लावतो." ठेवलाच फोन त्यांनी. मी सोडणार नाही, परत लावीन. महिन्याला एक दिवस त्यांच्या गावात इको मशीन घेऊन बसणार आहे, त्यांच्याच त्या कॉटशेजारी. बसू देतात का बघू.

पण एक सांगायचं राहिलं, आणि तेच सांगायला खरं तर बसले होते.

महानंदाची तपासणी झाल्यावर आज सोबत आलेली अव्वा पण टेबलावर होती, तिचंही बीपी बघितलं. उतरली, खुर्चीत बसली आणि सवयीनं पाय पुढं केला. मी पेन टेबलावर आपटणार तेवढ्यात महानंदा वाकली. पूर्ण खाली, गुडघ्यावर. चपलेचा पट्टा ओढला, लावला. अव्वाचे दोन्ही हात हवेत पसरलेले, सुनेला झेलायला. तोंड उघडं, श्वास धरलेला. माझा पण.

काही झालं नाही. महानंदा उठली, पदर सारखा केला आणि त्या हवेतल्या हातांकडं बघून म्हणाली,

"काय अव्वा, हात असे काहून केलाव? नाटक करायलाव का?"

अव्वा आधी कावरीबावरी झाली, मग पदर तोंडाला लावून अशी हसली की बाकड्यावरचे लोक आत डोकावले. महानंदा हसली नाही. तिनं दुसरी चप्पल सासूच्या हातात दिली. "ही तुमची तुमी घाला."

आणि अव्वानं घातली.

आता बाहेरचे पेशंट दार वाजवून राहिलेत, उठते. पण तुम्ही सांगा मला, वाचणाऱ्यांनो. तुमच्या घरात आहे का अशी एखादी, निजली की बरी आणि उठली की आजारी? तिला तुम्ही काय म्हणलं होतं? की ती तुम्हीच आहात, आणि आतापर्यंत तुम्हाला पण वाटत आलंय की आपणच आळशी?